वाढत्या अंगाचं

खो-खोच्या खांबाला कुणी दोष दिलेला मी तरी आजवर ऐकला नव्हता. मैदानाला देतात, पंचांना तर देतातच, पण खांब बिचारा पुरलेल्या जागी उभा असतो. माझी मुलगी साईशा मात्र जिल्हा स्पर्धेच्या मैदानात ओठ फुटून, खांद्याचं हाड मोडून पडली होती आणि मला सांगत होती, "मम्मी, खांब मागं सरकला. खरंच सरकला गं."

तिचे प्रशिक्षक नाईकवाडी सर हळूच म्हणाले, "मॅडम, डोक्याला मार बसलाय का ते बघा आधी."

डोक्याला काही झालं नव्हतं. गड्याला बाद करायला तिनं खांबावर सूर मारला आणि खांब धरायला जो हात टाकला तो चार बोटं अलीकडेच पडला. तिच्या हिशोबानं तो पोचायला हवा होता. तिचा हिशोबच चुकीचा होता, आणि तो तिनं केलेला नव्हता.

मी धाराशिवच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. समजावून सांगायची खोड आहे, तेव्हा सांगतेच.

डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावा. बरोबर लागतं ना? कारण तुमच्या मेंदूत तुमच्या शरीराचा एक नकाशा असतो. हात केवढा, पाय कुठवर, कंबर किती रुंद, सगळं त्यात असतं. हा नकाशा आरशात बघून बनत नाही. स्नायू आणि सांधे सतत जे निरोप पाठवतात त्यावरून तो बनतो. आता या निरोपांत कुणी खोटं मिसळलं तर? दंडाच्या स्नायूच्या टोकाशी ठरावीक वेगाची थरथर दिली की कोपर जागचं न हलताही मेंदूला वाटतं, हात लांब होतोय. स्वतःच्याच पावलांचा आवाज हलका करून कानात सोडला की चालणाऱ्याला वाटतं, आपण बारीक झालो. हे प्रयोग जुने आहेत. नवं एवढंच झालं की कुणीतरी ते सगळं मनगट, कोपर, गुडघा आणि घोट्याच्या पट्ट्यांत बसवलं आणि शाळेतल्या मुलांना दिलं.

मुलांनाच का, तर आठवी-नववीतली मुलं मैदानावर यायचीच बंद झाली होती. मुली तर पाळी सुरू झाली की भिंतीला चिकटायच्या त्या दहावीपर्यंत. आम्ही सगळे त्याला आळस म्हणायचो, मोबाईलला शिव्या द्यायचो. तपासणीत निघालं भलतंच. या वयात अंग इतक्या झपाट्यानं बदलतं की नकाशा मागे पडतो. मूल स्वतःच्याच शरीरात पाहुणं होतं. आपण जड आहोत, बेढब आहोत असं ज्याला वाटतं ते पळत नाही, आणि जे पळत नाही त्याचा नकाशा सुधारत नाही, कारण तो सुधारतो फक्त हालचालीनं. या चक्रातून पोराला एकदा हाताला धरून बाहेर काढायचं, पुढं ते आपलं आपण पळेल, अशी कल्पना होती. योजनेचं नाव 'लाघव'. पोरं नुसतं 'पट्टे' म्हणायची.

कल्पना वाईट नव्हती, असं मी आजही म्हणते. ज्यांना पटत नाही त्यांनी आठवीतली साईशा बघायला हवी होती. मे महिन्याच्या उन्हात वडिलांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायची. वर्गात तिला 'टेम्पो' म्हणायचे. खेळाचा तास आला की हिचं पोट दुखलंच म्हणून समजा.

पट्टे वाटायच्या दिवशी शाळेत पालकांची रांग लागली होती. टेबलाशी बसलेली तंत्रज्ञ पोरगी मुलाची उंची आणि वजन विचारून यंत्रात भरायची, त्या मापाचं शरीर मुलाला आतून जाणवायचं. पट्टे दहावीपर्यंत वापरायचे होते. आता आमच्याकडं एखादी वस्तू दोन-तीन वर्षं पुरवायची म्हटली की पालकाच्या तोंडून काय निघतं? गणवेश घेताना निघतं, बूट घेताना निघतं, तेच तिथं निघालं. रांगेतल्या पहिल्या बाईंनी म्हटलं, "ताई, जरा वाढत्या अंगाचं धरा की." मग सगळ्या रांगेनं तेच धरलं.

मी त्या दिवशी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते. रांगेत होते आमचे हे, बालाजी शेरखाने. यांच्या घरात सगळे ताडमाड. त्यांनी लेकीची उंची सांगितली एकशे त्रेसष्ट, आणि उंची आली की पोरगी रोडावतेच म्हणून वजन सांगितलं शेहेचाळीस. साईशा तेव्हा एकशे पन्नासची होती, आणि वजन सत्तावन्न. टेबलावरच्या पोरीनं आधी हुज्जत घातली असणार, पण दिवसभर शंभर पालकांशी हुज्जत घालून कुणाचाही घसा बसेल. तिनं आकडे भरून टाकले.

गणवेश मोठा झाला तर आत दुमडून टाका घालता येतो. मेंदूला तशी सोय नसते.

पण ती दोन वर्षं! खोटं कशाला बोलू, मी इतकी सुखी कधी नव्हते. शर्ट गेला. पोरगी पहाटे स्वतः उठून मैदानावर जायची. नाईकवाडी सरांनी तिला खो-खोच्या संघात घेतलं तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात उचलून गरागरा फिरवलं होतं. मी ओरडले, "अगं सोड, कंबर धरेल माझी!" आणि मनातून म्हटलं, धरू दे. पट्टे ती झोपतानाही काढायची नाही. आंघोळीलासुद्धा नाही.

मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर फारशी वाढत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. साईशा माझ्या आईच्या वळणावर गेली, पावणेदोन सेंटिमीटर वाढून थांबली. पट्टे मात्र थांबले नाहीत. सांगितलेलं अंग आणि खरं अंग यांतला फरक मिटेना, म्हणून यंत्र आपणहून थरथर वाढवत राहिलं. सरावात डोळे सांभाळून घेत होते. सामन्याच्या घाईत डोळ्यांना वेळ मिळाला नाही, आणि पोरगी खांबावर आदळली.

सोलापूरच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर कुलसुम काझी यांनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट बेटा. तुझं डोकं जिथं संपतं तिथं हात धर."

साईशानं हात वर केला आणि डोक्याच्या वर, हवेत, वीतभर उंचीवर धरला.

"इथं," ती ठामपणे म्हणाली.

बालाजी भिंतीकडं बघत राहिले. मग डॉक्टरांनी एकेक करून पट्टे काढले. शेवटचा निघाला तशी साईशा मटकन खाली बसली. स्वतःच्या हाताकडं, पोटाकडं बघितलं, आणि तिला उलटी झाली.

बाहेर आल्यावर डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, "सोळा-सतराच्या आसपास हा नकाशा पक्का होत जातो. त्याआधी तिनं रोज खऱ्या अंगानं घाम निघेपर्यंत हालचाल केली, तर तो पुन्हा आखला जाईल. नाही केली, तर ही मुलगी जन्मभर दुसऱ्याच्या शरीरात कोंडल्यासारखी जगेल. माझ्याकडे गोळी नाही यावर."

साईशाला सोळावं लागायला एक उन्हाळा उरला होता.

मुलांचे अपघात सगळीकडूनच ऐकू येऊ लागले. आमच्याच गल्लीतल्या नववीतल्या मुलानं एका गच्चीवरून दुसरीवर उडी टाकली. त्याच्या नकाशात ती उडी बसत होती. तो वाचला, पण पायावर उभा राहील असं कुणी म्हणत नाही. योजना बंद झाली, शिपाई घरोघर येऊन पट्टे घेऊन गेले, आणि साईशा कॉटवर पडली ती उठेचना.

रुसली असं नाही. तिला उठताच येत नव्हतं. म्हणायची, ओल्या वाळूचं पोतं बांधलंय अंगाला. अंघोळीला बालाजी उचलून न्यायचे तेव्हा ती डोळे गच्च मिटून घ्यायची. मी आरसे झाकले. लाडीगोडी केली, रडले, देवाला बोलले, आणि एक दिवस ताट आपटून ओरडलेसुद्धा, "नखरे पुरे झाले! जगातल्या सगळ्या पोरी अशाच असतात, हातापायांनी धड आहेस ना?"

ती छताकडं बघत म्हणाली, "हिला जेवू घालायलीस तू. मला नाही. मला ही नकोय."

मी खोलीबाहेर आले आणि जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडले. माझी पोरगी माझ्यासमोर होती आणि ती मला सापडत नव्हती.

मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर अंगणातून हसण्याचा आवाज आला. साईशा पळत होती. गळ्यात अडकवलेला हात तसाच, दुसऱ्या हातानं पेरूची फांदी शिवायला उड्या मारत होती, हात खालीच राहत होता, आणि ती हसत होती. मनगटावर, घोट्यांवर काळे पट्टे होते. शाळेचे नव्हते ते. बालाजी दारात उभे होते.

"कुठून आणलेत?" मी विचारलं.

"लातूरहून. एक जण चोरून देतोय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हसायलीय गं ती, स्नेहल. बघ की जरा. हसायलीय."

मी बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, राहू दे. खांदा मोडू दे, गुडघे जाऊ देत, हसतेय ना. आईला आणखी काय हवं असतं?

तेवढ्यात ती पायरी चुकली आणि मोडक्या खांद्यावरच पडली. दुखण्यानं कळवळली आणि तरीही उठून पुन्हा पळायला लागली, कारण पडलेली ती तिच्या लेखी कुणी दुसरीच होती. तिला वेदनासुद्धा आपली वाटत नव्हती. मी धावत जाऊन तिला धरलं आणि पट्टे ओरबाडून काढले. ती माझ्या हाताला चावली.

"मारून टाक मला त्यापेक्षा!" ती किंचाळली.

बालाजींनी तिला आत नेलं. पट्टे घेऊन मी गच्चीवर गेले, दगडानं ठेचायला. दगड उचललाही होता. पण मी शिक्षिका आहे, न बघता काही टाकून देणं मला जमत नाही. मी ते स्वतःच्या हातापायांवर चढवले.

काय सांगू! मी त्रेचाळीस वर्षांची, गुडघेदुखीची, साडेसत्तर किलोची बाई. अचानक माझ्या गुडघ्यांतून कुणीतरी खिळे काढून घेतले. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकाला मी चालले नाही, वाहत गेले. लग्नाआधी मी अशी कधी होते का, आठवेना. मी वाळत घातलेले कपडे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले, नुसतं वाकता यावं म्हणून. आणि मग काढले पट्टे.

कठड्याला धरून मी खाली बसले. माझं स्वतःचं अंग माझ्यावर कोसळलं होतं. मी थोडाच वेळ घातले होते ते. पोरीनं दोन वर्षं घातले होते, आणि मी तिला नखरे म्हणाले होते.

बसल्या बसल्याच मी पट्ट्याची कळ दाबली, तर छोट्या पडद्यावर आकडे आले. एकशे त्रेसष्ट, शेहेचाळीस. बालाजींनी लातूरच्या माणसालाही तेच सांगितले होते, त्यांना पाठ झाले होते. पण एक गोष्ट वेगळी होती. शाळेच्या पट्ट्यातले आकडे बदलता यायचे नाहीत, याचे येत होते.

मी डॉक्टर काझींना फोन लावला. "खरी मापं भरली तर?"

त्या म्हणाल्या, "मी हे लिहून देणार नाही, मॅडम. पण चूक आहे असंही म्हणणार नाही. पट्टा मग खराच निरोप देईल, फक्त ओरडून देईल. ज्या मेंदूनं दोन वर्षं गोड खोटं ऐकलंय त्याला ते सोसायचं नाही. ती तुमच्या पाया पडेल, काढा म्हणून. तुम्ही मध्येच काढलेत तर ती पुन्हा उभी राहायची नाही. तयारी असेल तर करा."

माझी तयारी होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. मी साईशाच्या कॉटवर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. रांग, वाढत्या अंगाचं माप, थरथर, सगळं. बालाजी दारात उभे राहून ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "बाळा, मला वाटलं तू वाढशील."

साईशा पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "म्हणजे पळायची ती मी नव्हतेच?"

"पळायचीस तूच. दम तुला लागायचा, घाम तुझाच निघायचा. हलकं वाटायचं तेवढंच खोटं होतं."

"आणि ती उंच? मला आतून दिसायची ती?"

"ती नाहीये, साई."

"मेली?"

जीवशास्त्राच्या बाईनं काय उत्तर द्यायचं असतं ते मला ठाऊक होतं. ती कधी नव्हतीच, असं सांगायचं असतं. पण पोरीचा चेहरा बघून मला ते बोलवेना.

"हो," मी म्हटलं. "मेली."

मग ती रडली. घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशी, छाती पिटून. बालाजी तिच्या पायाशी बसून रडले, आणि मीही. दिवसभर आमच्याकडं चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली. "मम्मी, माप घे माझं."

माप पडून घेता येत नाही. एका बाजूनं बालाजी, एका बाजूनं मी, अशी तिला दाराच्या चौकटीशी उभी केली. तिनं ओठ इतका चावला होता की जुनी जखम उघडली. एकशे एक्कावन्न आणि वर पाऊण. वजनकाट्यावरचा आकडा तिनं स्वतः वाचला आणि डोळे मिटले. पट्ट्यात दोन्ही आकडे तिनं स्वतःच भरले. मी भरायला गेले तर माझा हात बाजूला केला.

"गिरणीपर्यंत," ती म्हणाली. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. "मी काहीबी बोलले तरी काढायचं नाही. पाया पडले तरी नाही. घे शपथ."

"तुझी शपथ," मी म्हटलं.

"माझी नको. पप्पांची घे."

मी घेतली. तिनं कळ दाबली.

ती ओरडली तसा आवाज मी बाळंतिणीच्या खोलीतही ऐकलेला नाही. गल्लीतली दारं उघडली. ती फाटकाला धरून वाकली, "काढ! मम्मी, काढ! फाडून टाक हे!" बालाजी धावले. मी त्यांना दोन्ही हातांनी अडवलं. माझा नवरा मला ढकलत होता आणि मी त्याच्या शर्टाची बटणं तुटेस्तोवर त्याला धरून ठेवलं होतं.

"तुला काळीज आहे का नाही?" ते मला म्हणाले. इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते.

मी पकड सोडली नाही. शपथ त्यांचीच घेतली होती.

साईशानं फाटक सोडलं. एक पाय टाकला. मग दुसरा. भिंतीला धरून, मोडक्या खांद्याचा हात पोटाशी घेऊन, ती निघाली, आणि तिनं मला शिव्या द्यायला सुरुवात केली. मैदानावर पोरी काय काय शिकतात ते मला त्या दिवशी कळलं. तू माझी आई नाहीस म्हणाली, तू मेलीस तरी येणार नाही म्हणाली, आणखी बरंच, जे मी कागदावर उतरवणार नाही. मी तिच्या मागं हात पुढं करून चालत होते आणि प्रत्येक शिवीला 'हो बाळा' म्हणत होते. दारादारांत बाया उभ्या होत्या. एकीनं तर मला ऐकू जाईल असं म्हटलं, कसली कसाबीण आई आहे.

मध्ये ती दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा मला वाटलं, संपलं. घामानं तिचा कुर्ता अंगाला चिकटला होता आणि तो ती आता ओढून सैल करत नव्हती. तेवढं तिला भान नव्हतं, का शक्ती नव्हती, कोण जाणे. मग भिंतीला नखं रोवून उठली.

गिरणी आली. गिरणीच्या पायरीवर ती कोसळली. चेहरा लाल, नाकाडोळ्यांतून पाणी. शपथ संपली होती. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले आणि तिच्या घोट्याच्या पट्ट्याला हात घातला.

तिनं माझा हात झटकला.

"राहू दे," ती धापा टाकत म्हणाली. "घरी काय उचलून नेणारेस का मला?"

आणि मला अजून एक शिवी देऊन ती भिंतीला धरून उठू लागली.